मुराळ्याचं चाक

रामकिशनरावांच्या गोठ्यात गव्हाणीला तोंड लावून एक पोपटी मोटार उभी होती. गव्हाण बैलांची, खुंटेही बैलांचे. पण ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले आणि त्यांच्या मोकळ्या जागेत हेराल्ड आली. जुन्या जमान्यातली गाडी. गोल डोळ्यांची, अंगानं हलकी. बॉनेट उघडलं की पुढचं सगळं तोंडच खाली लवायचं, पाणी प्यायला वाकलेल्या वासरासारखं.

गाडी या घरची नव्हे, माहेरची. रामकिशनरावांच्या मंडळी गोजरबाई या धरणाकाठच्या सिद्धेश्वरच्या. त्यांचा थोरला भाऊ सटवाजी. धरणावरचे एक इंजिनियर साहेब बदलून गेले तेव्हा त्यांची ही गाडी सटवाजीनं ठेवून घेतली, आणि पुढं कैक वर्षं पंचमी जवळ आली की ती गोजरबाईंच्या सासरी, साखऱ्याच्या वेशीतून धुरळा उडवत आत यायची. सासरी असलेल्या बहिणीला सणासाठी न्यायला जो येतो तो मुराळी. बाकीच्या बायांचे मुराळी एसटीनं यायचे, सायकलवर यायचे. गोजरबाईंचा मोटारीनं यायचा. हॉर्न ऐकला की त्या चुलीपुढून उठायच्या त्या तोंडाला पदर लावूनच. इतकं हसू सासूपुढं दाखवायची तेव्हा रीत नव्हती.

मग सटवाजीच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं. "दाजी, आता हिला तुमीच सांभाळा," म्हणत त्यानं गाडी बहिणीच्या दारात आणून लावली आणि स्वतः एसटीनं येऊ लागला. गाडी काही वर्षं चालली. नंतर गोठ्यात बसली ती बसलीच.

यंदा आषाढ सरता सरता त्याचा फोन आला. आवाज मोठा, स्वतःला कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा. ओसरीवरच्या रामकिशनरावांनाही सगळं ऐकू गेलं.

"गोजर, औंदा मला यायला व्हत न्हाई बघ. गुडघे ऐकूनच न्हाई राहिले. एसटीची पायरी चढतानी डोळ्यातून पाणी येतं. तू ये की दाजीसंगं."

"बरं. तू जिवाला जप," गोजरबाई म्हणाल्या. फोन ठेवला आणि सुनेला म्हणाल्या, "पुनम, म्या औंदा जात न्हाई."

"काहून हो आत्याबाई? मामंजी सोडतेत की."

"मुराळी आल्याबिगर म्हायेरला जाती का बाई? आपली आपण पिशवी उचलून गेलं तर ते पाहुणपण झालं. भावानं न्यावं, तव्हा ते म्हायेर."

त्या एवढंच बोलल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडू लागल्या. रामकिशनरावांनी ते पाहिलं. संध्याकाळी त्यांनी पायात चप्पल घातली, गोठ्यात जाऊन गाडीच्या टपावरचा कडबा काढला, आणि आत येऊन म्हणाले, "गाडी नीट करून घेतो. गाडी दारात आली की मुराळी आला म्हनायचं. चालंल?"

गोजरबाईंनी बराच विचार केला. "चालंल. पन वेशीतून आली पायजे. गोठ्यातून दारात आलेला मुराळी म्या कुठं ऐकला न्हाई."

"वेशीतून येईल."

"आन न्हाई आली तर जायचं नाव काढायचं न्हाई."

असं ठरलं.

*

दुसऱ्या दिवशी आखाडा बाळापुराहून शिवहार आला. रामकिशनरावांचा पुतण्या, बाळापुरात रस्त्यालगत त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. हात काळे, दात पांढरे आणि तोंड कायम चालू. त्यानं हेराल्डचं तोंड लववलं, आत पाहिलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात उंदरानं बाळंतपण उरकलंय. पन इंजिन चांगलं हाय."

इंजिन खरंच चांगलं होतं. आधी खोकलं, मग बोललं, मग गाऊ लागलं. ब्रेक झाले, वायरी झाल्या, पुनमनं सीटांना नवीन खोळी शिवल्या. पण गाडी वेशीपर्यंत नेली तर मागच्या दोन्ही चाकांतून घरघर येऊ लागली, जात्यात खडा अडकावा तशी.

"बेरिंग गेल्या," शिवहार म्हणाला. "ह्या अवाजानं सिद्धेश्वर काय, शेनगाव गाठायचं न्हाई. बेरिंग हबाच्या मागं असतेत. हब काढावा लागतो."

हब म्हणजे चाकाचा मधला गड्डा. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा मोटारीला हब. गाडी जॅकवर चढवली तेव्हा मागची दोन्ही चाकं पोटाशी वळली. गोजरबाई दारातून म्हणाल्या, "अगं बाई, लाजली."

उजव्या बाजूचा हब निघाला. पुलर लावला, म्हणजे तीन पायांचं ओढणारं हत्यार. त्याचा मधला बोल्ट आवळला, वर एक घण बसला आणि टण्णकन हब हातात आला. शिवहारनं मिशीवरून हात फिरवला.

डाव्या बाजूचा निघेना.

पुलर आवळला. पान्याला लोखंडी पाईप अडकवून त्यावर शिवहार लोंबकळला. घण मारला. डिझेल पाजून दिवसभर मुरत ठेवलं. पुन्हा घण मारला. हब आपला तसाच, जावयासारखा रुसून बसलेला. शेवटी पुलरचाच एक पाय वाकला आणि शिवहार मातीत बसला.

शेजारच्या भिंतीवरून सिंधूबाईंचं डोकं वर आलं. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. गोजरबाईंशी त्यांचं बरीच वर्षं बोलणं तुटक होतं, पण बघायला कुणाची बंदी नव्हती.

"काय रे शिवहार, लगीन लावून राहिला का गाडी नीट करून राहिला? सकाळपासून ढोल ऐकू येऊन राहिला."

"मावशी, नवरी उठतच न्हाई."

"मग हात धरून उठव की. पाठीत काहून घालून राहिला?"

पंचमी चार-पाच दिवसांवर आली होती. गल्लीत लिंबाला झोके बांधले गेले. मुराळी येऊ लागले. कुणाचा पांढऱ्या जीपमधून, कुणाचा मोटरसायकलवर पोरगं पुढं बसवून. गोजरबाई आपल्या कामात असायच्या, पण झोक्यावरून बायांचा आवाज आला की हात थांबायचा.

पंचमी आली बाई, झोका लिंबाच्या फांदीला
मुराळ्याची वाट, डोळा लागला वेशीला

सकाळी शिवहार म्हणाला, "काका, आता शेवटचं औषध. तापवून बघतो. तापलं की हब फुगतो आन सुटतो. न्हाई सुटला तर गॅस कटरनं कापावा लागंल."

"कापला तर दुसरा कुठून आणशील?"

"न्हाई भेटत. नांदेडला विचारलं, हैदराबादच्या जुन्या बाजारात विचारलं. हेराल्ड म्हनलं की लोक मलाच विचारतेत, ते काय असतं."

"म्हंजे कापला तर गाडी गेली."

"गेली."

रामकिशनराव वळले. लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

निळी ज्योत हबाभोवती फिरू लागली. पत्रा तापला, जुनं ग्रीस जळलं, काळा धूर आला. आणि मग हळूच, अगदी सणाच्या सकाळी यावा तसा, एक वास अंगणात पसरला.

पुनम आतून ओरडली, "कोणाच्या घरी शिरा व्हऊन राहिला?"

सिंधूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "तूप कढवून राहिलं कोणीतरी. चांगलं सायीचं हाय."

शिवहारनं ज्योत बंद केली, नाक हबाजवळ नेलं आणि मागं बघत म्हणाला, "काकी, इकडं या. हबातून येऊन राहिला."

गोजरबाई आल्या. वाकल्या. कडेनं पिवळा पाघळ येत होता. त्यांनी काडीनं तो टिपला, हुंगला. मग त्या सरळ उभ्या राहिल्या.

"हे माझं तूप हाय."

शिवहारनंही वाकून हुंगलं.

"माझ्या हातचं तूप म्या वळखीन. आन ह्याच्यात कोणीतरी हळद कालवली हाय." त्या लिंबाकडं वळल्या. रामकिशनराव लिंबाच्या शेंड्याकडं असं बघत होते जसं तिथं काही तातडीचं काम निघालंय. "दर पोळ्याला माझ्या बरणीतलं तूप कमी व्हतं. म्या सिंधूबाईच्या बोक्याला बोल लावला. चपला फेकून मारल्या त्याला."

भिंतीवर एकदम सिंधूबाईंचं अर्धं अंग आलं. "काय म्हनलीस?"

"अहो, बोला की," गोजरबाई नवऱ्याला म्हणाल्या.

रामकिशनराव दोन पावलं पुढं आले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. वर्षभर जू वाहिलेला खांदा मऊ करतात, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. खांदमळणी. हे तिथल्या कुणालाच सांगायची गरज नव्हती, म्हणून ते एवढंच म्हणाले, "बैल गेले त्या साली खांदमळणीच्या दिवशी हाताला काही सुचंना. त्याच टायमाला हिंगोलीच्या मिस्त्रीनं ब्रेकसाठी हे चाक खोललेलं व्हतं. आतला दांडा दिसला. म्हनलं, हाच खांदा. मळला चांगला."

"आन दर साली?" शिवहारनं विचारलं.

"दर साली वरची टोपी काढायची, नटावर थोडं चोळायचं, आन नट जरा आवळायचा. पाईप लावून. ढिला ऱ्हाऊ नये म्हनून."

"एकाच बाजूला?"

"दुसरी बाजू भिंतीला व्हती. हात जात नव्हता."

शिवहार आधी हसला नाही, फक्त मान हलवत राहिला. मग त्यानं घरातून एक गाजर मागवलं, त्याचं टोक कापून गोजरबाईंपुढं धरलं. "काकी, आतला दांडा असा निमुळता असतो. हबाचं भोकबी तसंच. कोरडं लोखंड कोरड्याला धरून ऱ्हातं, जागेवर. ह्याला तूप लावलं आन वरून आवळत गेलं की हब घसरत घसरत वर चढतो. दर पोळ्याला हा थोडा थोडा वर चढला. आता तो असा बसलाय की देवानं उठवला तरी उठायचा न्हाई."

तेव्हा पहिल्यांदा पुनम हसली, मग शिवहार, आणि मग सिंधूबाई इतक्या हसल्या की भिंतीवरची दोन खापरं खाली पडली. रामकिशनराव मात्र हबावर हात ठेवून उभे होते. तापलेला होता तरी ठेवून.

"कापू नको," ते म्हणाले. "दुसरं काय बी कर."

गोजरबाईंनी नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं. त्यांना राग यायचा होता, तो आलाच नाही. इतकी वर्षं हा माणूस गुपचूप त्यांच्या भावाच्या गाडीचा खांदा मळत होता, आणि त्या बोक्यावर चिडत होत्या.

"इतक्या साली नुसतं खाऊ घातलं तुमी त्याला," त्या म्हणाल्या. "काम एक दिवस दिलं न्हाई. जनावर आखडणारच. चालवा त्याला जरा."

शिवहारनं गाजर तोंडात टाकलं होतं. त्याचं चावणं थांबलं.

"काकी, काय म्हनल्या तुमी?"

"चालवा म्हनलं."

"माझा उस्ताद हेच सांगायचा. हब निघत न्हाई तव्हा नट सैल करायचा, पन काढायचा न्हाई. खीळ घालून ठेवायची, म्हंजे चाक पडायचं न्हाई. आन गाडी वजन घालून वाकडीतिकडी पळवायची. घणानं जे व्हत न्हाई ते वळणानं व्हतं." त्यानं कपाळावर काळा हात मारून घेतला. "म्या ट्रॅक्टरवाला. इसरूनच गेलतो."

*

गावाबाहेरच्या गायरानावर दोन बाभळी आहेत. त्यांच्याभोवती, डावा नट सैल ठेवून, आठचा आकडा काढायचा ठरला. जाताना गावभर बातमी आपोआप गेली.

"डाव्या बाजूला मागं भारी माणूस पायजे," शिवहार जमिनीकडं बघत म्हणाला.

"माझ्याकडं काहून बगून राहिला?" सिंधूबाईंनी विचारलं.

"मावशी, म्या जमिनीकडं बगून राहिलो."

"मला सगळं कळतं. बसते म्या. पन आधी न्याय पायजे." त्या गोजरबाईंपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझा बोका चोर हाय का साव हाय?"

"साव हाय गं बाई."

"गल्लीत सांगशील?"

"वाटीभर दूध घेऊन येते त्याच्या दारात. आता बस."

सिंधूबाई डावीकडं बसल्या आणि गाडी त्या बाजूला लगेच नमली. शेजारी त्यांची सून रागिणी, पलीकडं पुनम. पुढं शिवहार, कान बाहेर काढून. सुकाणू रामकिशनरावांच्या हातात. त्या गाडीची चाल त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. गोजरबाईंना बोलावलं तर त्या म्हणाल्या, "मुराळी यायच्या आधी म्या त्याच्या गाडीत बसत न्हाई," आणि बाभळीखाली उभ्या राहिल्या.

गाडी निघाली. हेराल्ड वळायला अशी सोपी की बाभळीच्या बुंध्याभोवती जणू गिरकी घेते. पहिल्या वळणाला सगळ्या जणी पुनमवर, दुसऱ्याला सगळ्या सिंधूबाईंवर. चरणारी शेरडं पांगली आणि लांब उभी राहून पाहू लागली. गाडी जवळून गेली तेव्हा गोजरबाईंच्या तोंडून आपोआप ओळ निघाली:

भावाच्या गाडीला, बाई मारू नका हातोडा
रुसलेलं चाक, त्याची समजूत तरी काढा

गाडी वळण घेऊन परत आली तेव्हा आतून पुनम आणि रागिणीनं उत्तर दिलं:

वाकडी ही वाट, मामा सुकाणू धरिती
पोटातल्या भाकरी, बाई फुगडी खेळिती

"मामंजी, हळू," पुनम हसता हसता ओरडली.

"हळू न्हाई," शिवहार म्हणाला. "अजून जोरात. डावीकडं. आता उजवीकडं. मावशी, तुमी हलू नका."

"म्या कुठं हलून राहिले? गाडी हलून राहिली."

फेऱ्यावर फेरे झाले. हब बोलेना. शिवहारचा चेहरा उतरू लागला, गाणंही दमलं. रामकिशनरावांनी गाडी थांबवली आणि कपाळ पुसलं. बाभळीखाली गोजरबाई उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं होतं, सोडलं होतं, पुन्हा गुंडाळलं होतं. त्या गाडीकडं बघत नव्हत्या, रस्त्याकडं बघत होत्या. सिद्धेश्वरच्या अंगाला.

रामकिशनरावांनी ते पाहिलं. त्यांनी गिअर टाकला आणि बैलाला बोलावं तसं हलक्या आवाजात म्हणाले, "चल माझ्या राजा. येवढं वढ." गायरानाच्या कडेला जुन्या बांधाचा उंचवटा होता. गाडी त्यावर तिरपी चढली, डावं चाक सगळं वजन घेऊन खाली आदळलं, आणि त्याच वेळी त्यांनी सुकाणू फिरवलं.

टण्ण.

देवळातली घंटा एकदाच वाजावी तसा आवाज. शेरडांनी माना वर केल्या.

"थांबवा," शिवहार म्हणाला. गाडी थांबायच्या आधीच तो उतरला, चाकाशी बसला आणि हबाला हात लावला. हब दांड्यावर हलत होता. नटानं धरला होता म्हणून, नाहीतर हातातच आला असता. तो नुसता बसल्या जागी हसत राहिला.

सिंधूबाईंनी दार उघडून एक पाय बाहेर टाकला. "माझ्यामुळं झालं. लिवून ठेवा कुठंतरी."

*

हब निघाला तेव्हा आतला दांडा हळदीनं पिवळा होता, नवरीच्या हातासारखा. शिवहारनं तो पेट्रोलनं धुतला, फडक्यानं कोरडा केला, पुन्हा कोरडा केला. नवीन बेरिंग बसवली.

"थोडं, बोटभर?" रामकिशनरावांनी विचारून पाहिलं.

"काका, टायरला लावा, काचेला लावा, पायजे तर माझ्या डोक्याला लावा. इथं न्हाई."

पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपवास असतो. गोजरबाई उजाडताच न्हाल्या, नवं इरकल नेसल्या, पिशवी भरून ठेवली आणि गोठ्यात डोकावल्या. गाडी नव्हती. रामकिशनरावही नव्हते.

"मामंजी गाडी वेशीबाहेर घेऊन गेलेत," पुनम म्हणाली. "वेशीतून यायची हाय ना."

"वेशीला जायला इतका येळ लागतो व्हय?"

ऊन अंगणात आलं. ओसरीवर चढलं. गोजरबाई दारात बसल्या, उठल्या, बसल्या. वेस हाकेवर आहे; चालत गेलं तरी केव्हाच येऊन झालं असतं. "रस्त्यात बसली असंल गाडी," त्या स्वतःशी म्हणाल्या. "चला. राहिलं औंदाचं." पिशवीतली ओटीची खणवस्त्रं काढून कपाटात ठेवायला त्या उठल्या आणि वेशीकडून हॉर्न ऐकू आला.

पोरं पळत आली. पोपटी गाडी धुरळा उडवत गल्लीत शिरली. चाकांचा आवाज नव्हता, नुसतं इंजिनाचं गाणं. सुकाणूवर रामकिशनराव, अंगभर धूळ. आणि मागच्या सीटवर, पाय सरळ पुढं सोडून, दोन्ही हातांनी समोरची सीट घट्ट धरून, डोक्याला नवा गुलाबी पटका बांधलेला एक म्हातारा.

गोजरबाईंच्या हातातला खण तसाच राहिला.

"एसटीची पायरी चढवत न्हाई म्हनला व्हता," रामकिशनराव उतरता उतरता म्हणाले. "हिला पायरीच न्हाई. पहाटंला सिद्धेश्वरला गेलो आन घेऊन आलो."

सिंधूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "म्हंजे मुराळ्याला आणायला गाडी गेली, आन आता मुराळी तिला घेऊन जाणार, मग गाडी पुन्हा मुराळ्याला सोडून येणार. अरे, मग सटवाजीभाऊ घरीच बसले असते तर?"

"तर मला कोणी नेलं असतं गं?" गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला खण पुन्हा पिशवीत ठेवला.

सटवाजीला उतरता येत नव्हतं. गोजरबाईंनी तांब्या आणला, गाडीचं दार उघडून खाली बसल्या आणि भावाच्या पायांवर तिथंच पाणी घातलं. तो डोळे बारीक करून तिच्याकडं बघत होता, नीट दिसावी म्हणून.

"गोजर, तू म्हातारी झालीस."

"तू काय पोरगं हाईस का? पटका कोणी बांधला? वाकडा बसलाय."

"दाजीनं. गाडी चालवतानी दोनदा थांबून बांधला."

त्याला चहा झाला, शिरा झाला. उपवासाच्या बहिणीनं भावाला पोटभर खाऊ घातलं आणि आपण त्याच्याकडं बघत बसल्या. मग पिशवी गाडीत गेली, आणि गोजरबाई मागच्या सीटवर भावाच्या शेजारी बसल्या, पदर सावरून, गल्लीकडं बघून न हसण्याचा पुरा प्रयत्न करत.

पुढं रामकिशनराव एकटेच. त्यांनी आरसा वळवला, मागं बहीणभावांचं बोलणं सुरू झालेलं पाहिलं, आणि म्हणाले, "एखादं पुढं या की. म्या काय ड्रायवर हाय का?"

"व्हय," मागून गोजरबाई म्हणाल्या. "आज ड्रायवरच. चला, उशीर व्हऊन राहिला."